मोडींत काढण्यापूर्वीं : जुन्या ताम्रपात्रांची पारख

ऐन उन्हाळ्यांत दुपारच्या वेळीं मालवण किनाऱ्यावरील एखाद्या वाडींतून जाऊं लागलें, म्हणजे माडापोफळींच्या पलीकडील वडाच्या शेंड्यावरून 'टुक् टुक् टुक्' असा एकसारखा नाद कानीं येतो. हा नाद करणारा हिरव्या रंगाचा, कपाळावर तांबडा टिळा असलेला लहानसा पक्षी आमच्या बहुतेक बालवाचकांच्या परिचयाचा असेल. त्यास तांबट असें म्हणतात. तांबट कारागीर तांब्याचा पत्रा ठोकूं लागला कीं असाच नाद निघतो, म्हणून पक्ष्यास कारागिराचें नांव मिळालें. आज पक्षी ऐकलेलीं मुलें पुष्कळ आहेत. कारागीर ऐकलेलीं मात्र थोडीं. तथापि त्या कारागिराच्या हातचीं भांडीं अद्यापि कित्येक घरांच्या माळ्यावर, न्हाणीघराच्या कोपऱ्यांत व देवघरांत पडून आहेत. त्यांची पारख कशी करावी, हें ह्या लेखांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

हा विषय सुचण्यास एक घरगुती प्रसंग कारण झाला. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरीं न्हाणीघर नवें बांधण्यांत आलें. चुलीवर पाणी तापविण्याचा जुना हंडा आतां निरुपयोगी झाला, असें सर्वांनीं ठरविलें व दारावर आलेल्या मोडवाल्यास तो वजनावर देऊन टाकला. हंडा पोत्यांत मावेना. तेव्हां त्या मनुष्यानें अंगणांतच घणाचे चार घाव घालून तो चपटा केला. सायंकाळीं आमच्या वृद्ध आत्याबाई परगांवाहून परत आल्या. हंड्याची रिकामी जागा पाहून त्यांनीं एवढेंच विचारलें, "त्याच्या गळ्याखालीं पणजीचें नांव होतें. तें कोणी वाचलेंत का रे?" आम्हीं तें वाचलें नव्हतें. वर काजळीचा थर होता, आणि अक्षरें मोडी लिपींतील असल्यामुळें तीं ओळखण्याचा प्रयत्नहि कोणी केला नव्हता. मिळालेले पैसे महिन्याच्या आंत खर्च झाले. पणजीचें नांव कायमचें गेलें. ज्या घरीं हा प्रसंग अद्यापि घडावयाचा आहे, त्यांच्या उपयोगीं हा लेख पडला, तर आमच्या चुकीचें थोडेंसें परिमार्जन होईल.

पूर्वीं आपल्या किनाऱ्यावरील घरांत तांब्यापितळेच्या भांड्यांवाचून पान हालत नसे. विहिरीवरून पाणी आणण्यास कळशी व घागर, साठविण्यास हंडा, तापविण्यास बंब, स्नानास घंगाळ, रांधण्यास टोप, लग्नकार्यांत भात शिजविण्यास मोठालीं पातेलीं, आणि पूजेस ताम्हन, पळी व पंचपात्री, असा हा परिवार असे. पलीकडे गोव्यांत पाणी तापविण्याच्या मोठ्या तांब्याच्या पात्रास भाण म्हणतात. ह्यांपैकीं कांहीं भांडीं तांब्याचीं, कांहीं पितळेचीं, तर कांहीं दोन्ही धातूंचीं मिळून केलेलीं असत.

आतां हा धातु आला कोठून? आपल्या कोंकणपट्टींत तांब्याच्या खाणी नाहींत. तांबें बहुतांशीं समुद्रमार्गें आलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासग्रंथांत भडोच बंदरीं तांबें, कथील व शिसें उतरत असल्याचा उल्लेख आहे. सतराव्या शतकांत डच व्यापारी जपानचें तांबें सुरतेस आणीत. पुढें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांतील तांबें मोठ्या प्रमाणावर मुंबईस येऊं लागलें. दुरून आलेला माल महाग असे, म्हणून त्याचा कणहि कोणी वायां जाऊं देत नसे. फुटकें भांडें मोडावें, आटवावें व त्याचेंच नवें घडवावें, ही रीत होती. मोडींत काढणें हा आपल्या भाषेंतील वाक्प्रचार ह्याच व्यवहारांतून आलेला आहे. आणि खरीं पुरातन भांडीं विरळा सांपडण्याचें कारणहि हेंच होय.

ह्या कामांतील कारागिरांचा वर्ग तो तांबटांचा. पेशव्यांच्या काळीं कोंकणांतील तांबट पुण्यास जाऊन वसले, व कसबा पेठेंतील तांबट आळी आजहि त्यांचें नांव चालवीत आहे. पत्र्यावर हातोड्याचे ठोके ओळीनें देऊन जे चकचकीत खळगे उमटवितात, त्या कामास मठारकाम असें म्हणतात. हे ठोके केवळ शोभेकरितां नसतात. तांबें मुळांत मऊ. परंतु ठोकल्यानें तें कठीण होतें, व तापवून लाल केलें असतां पुनः मऊ पडतें. म्हणून तांबट पत्रा तापवितो, ठोकतो, पुनः तापवितो, आणि आकार पुरा झाल्यावर शेवटीं मठारतो. त्यामुळें पातळ पत्र्याच्याहि अंगीं बळकटी येते.

पुढें काळ पालटला. इ. स. १८९८ मध्यें मद्रास येथील कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटर्टन ह्यांनीं अॅल्युमिनियमचीं भांडीं घडविण्यास आरंभ केला. हलकीं, स्वस्त व कल्हई न लागणारीं हीं भांडीं हां हां म्हणतां देशभर पसरलीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांच्या मागोमाग स्टेनलेस पोलाद आलें. आणि तांब्यापितळेचीं भांडीं माळ्यावर गेलीं. आतां त्यांस पुनः मागणी येऊं लागली आहे. आणि मागणीबरोबर नकली मालहि बाजारांत आला आहे. म्हणून पारख दोन्ही बाजूंनीं हवी. घरचें जुनें भांडें फुकापासरीं जाऊं नये, तसेंच बाजारांत नवें भांडें जुनें म्हणून आपल्या गळ्यांत पडूं नये.

पहिला प्रश्न असा कीं, भांडें तांब्याचेंच आहे काय? प्रथम लोहचुंबक लावावा. तो चिकटला तर आंत लोखंड असून वर तांब्याचा केवळ मुलामा आहे. न चिकटल्यास बुडाखालची नखभर जागा चिंचेनें घासावी. तांबें गुलाबीसर तांबडें दिसतें, पितळ पिवळें दिसतें, व कांसें पिवळट करड्या रंगाचें असून टिचकी मारल्यास घंटेप्रमाणें वाजतें. परंतु मुलामा जाड असला व आंत चुंबकास न चिकटणारें स्टेनलेस पोलाद असलें, तर ह्या दोन्ही परीक्षा फसूं शकतात. अशा वेळीं प्राचीन ग्रीक पंडित आर्किमिडीज ह्यानें राजमुकुटाच्या बाबतींत योजिली म्हणून सांगतात, ती युक्ति उपयोगीं पडते. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं ती अवश्य करून पाहावी.

एक घन सेंटिमीटर तांब्याचें वजन ८.९६ ग्रॅम असतें. पितळेचें सुमारें ८.५, स्टेनलेस पोलादाचें सुमारें ७.९, आणि अॅल्युमिनियमचें २.७ ग्रॅम. समजा, एक लहान गडवा तराजूंत ८९६ ग्रॅम भरला. त्यास दोरा बांधून, कांठोकांठ पाण्यानें भरलेल्या पातेल्यांत तो तिरपा करून असा बुडवावा कीं आंत हवेचा बुडबुडा राहूं नये. आणि सांडलेलें पाणी मोजावें. पाणी १०० घन सेंटिमीटर भरल्यास गडवा तांब्याचा. १०५ च्या आसपास भरल्यास पितळेचा. आणि ११३ भरल्यास आंत पोलाद आहे असें समजावें. फरक थोडा असल्यामुळें एकदां मोजून निर्णय देऊं नये. तीन वेळां मोजून सरासरी काढावी.

दुसरा प्रश्न, भांडें घडविलें कसें? यंत्रावर फिरवून केलेल्या भांड्याच्या अंगावर एकांत एक अशीं बारीक, समान वर्तुळें दिसतात, व पत्र्याची जाडी नियमित असते. हातानें घडविलेल्या भांड्याच्या कांठावरून डोळे मिटून बोट फिरवावें. जाडी कोठें कमी, कोठें अधिक लागते. त्याहून बोलकी खूण म्हणजे सांधा. जुना हंडा पुष्कळदां एका पत्र्याचा नसे. गळा, पोट व बूड निरनिराळीं करून जोडीत. जोडावयाच्या कडांस करवतीसारखे दांते पाडावयाचे, ते एकमेकांत बसवावयाचे, टांकणखार घालावयाचा, व तांब्याहून लवकर वितळणारा जस्तमिश्रित धातु त्यांत ओतून सांधा झाळावयाचा, अशी पद्धति असे. आज भांडें घासून पाहिल्यास पोटाभोंवतीं किंवा बुडाजवळ तांबड्या अंगावर पिवळसर नागमोडी रेघ दिसते, ती हीच. अशी रेघ जेथें आहे, तेथें मनुष्याच्या हाताचें काम आहे असें समजावें. मात्र केवळ मठारलेल्या खळग्यांवर विश्वास ठेवूं नये. तसे खळगे आजकाल यंत्रानेंहि उमटवितां येतात.

तिसरा प्रश्न वयाचा. भांड्याचें वय त्याच्या काळेपणावरून ठरत नाहीं. आम्लानें किंवा क्षारानें नव्या भांड्यावर एका रात्रींत काळा-हिरवा रंग चढवितां येतो. परंतु तो सर्व अंगावर सारखा असतो. खरी झीज जेथें कामाचा घर्षणसंबंध आला तेथेंच होते. कळशीच्या गळ्यास विहिरीच्या दोराचा फांस बसे. तेथें पत्रा गुळगुळीत होऊन किंचित् खोलगट झालेला असतो. हंडा विहिरीच्या कांठाच्या दगडावर टेकला जाई, म्हणून त्याच्या बुडाची कड घांसलेली असते. टोपाच्या आंतील बाजूस पळी जेथें फिरे, तेथें कल्हई आधीं जाते. झीज व उपयोग ह्यांचा मेळ बसतो कीं नाहीं, एवढें पाहिलें म्हणजे पुष्कळ कपट उघडें पडतें.

वयाचा सर्वांत निश्चित पुरावा म्हणजे कोरलेलें नांव. लग्नांत किंवा मुंजींत दिलेल्या भांड्यांवर बारीक छिन्नीनें ठिपके देऊन देणाराचें किंवा घेणाराचें नांव, गांव, आणि क्वचित् सालहि घालीत. साल शालिवाहन शकाचें असल्यास त्यांत ७८ मिळवावे. म्हणजे शके १८२० हें इ. स. १८९८ होय. विक्रम संवताचें असल्यास ५७ वजा करावे. वर्षारंभ निराळे असल्यामुळें ह्या हिशेबांत एका वर्षाचा फरक पडूं शकतो. अक्षरें मोडी असल्यास जाणत्या मनुष्याकडून वाचवून घ्यावीं. अक्षरांवर पीठ किंवा खडूची पूड चोळून बाजूनें दिवा धरला असतां झिजलेलें नांवहि उठून दिसतें. आमच्या हंड्यास एवढी पूड व एवढा दिवाच हवा होता.

तांब्यावरील चार अक्षरांची किंमत किती, हें आपल्याच जिल्ह्यांतील एका उदाहरणावरून कळेल. खारेपाटण येथें शिलाहार घराण्यांतील रट्टराजाचा एक ताम्रपट मिळाला. तो शके ९३० चा, म्हणजे इ. स. १००८ मधील आहे. दक्षिण कोंकणच्या शिलाहारांची वंशावळ त्यांत असून राष्ट्रकूटांच्या इतिहासासहि त्याचें मोठें साह्य झालें आहे. ह्याच जिल्ह्यांतील पोंभुर्ले गांवीं जन्मलेले, 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर ह्यांनीं तो वाचून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत विद्वानांपुढें मांडला. ते पत्रे कोणीं वजनावर विकून आटविले असते, तर त्यांचीं फार तर दोनचार भांडीं झालीं असतीं, आणि राजघराण्याच्या पिढ्या काळाच्या पोटांत गेल्या असत्या. घरच्या हंड्यावर राजाची वंशावळ नसते हें खरें. परंतु आपल्या घराण्याची एखादी कडी असूं शकते, आणि तिचें वाचन दुसरा कोणीहि करणार नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे, म्हणजे आरोग्याकडे वळूं. जुनें भांडें मौल्यवान् असलें म्हणून तें लागलेंच चुलीवर चढवूं नये. तांबें उष्णता फार उत्तम वाहतें. स्टेनलेस पोलादापेक्षां सुमारें पंचवीस पट. त्यामुळें पदार्थ एके ठिकाणीं करपत नाहीं. परंतु आंबट पदार्थाशीं तांब्याचा संयोग होऊन विषारी क्षार तयार होतात, व अशा अन्नानें मळमळ, वांती व पोटदुखी होते. ताक कळकलें असें आपल्या आज्या म्हणत, तें ह्यालाच. आमच्या किनाऱ्यावर तर कोकम, चिंच व ताक ह्यांवांचून जेवण नाहीं. सोलकढी, तिवळ, माशांची आमटी, लोणचें आणि विशेषेंकरून मीठ घातलेलें आगळ हीं उघड्या तांब्यापितळेच्या भांड्यांत क्षणभरहि ठेवूं नयेत. पाण्याची गोष्ट निराळी. बंगळूर येथील संशोधकांचा एक अभ्यास इ. स. २०१२ मध्यें प्रसिद्ध झाला. तांब्याच्या भांड्यांत सोळा तास ठेवलेल्या पाण्यांतील अतिसाराचे जंतु नष्ट होतात, व पाण्यांत उतरणारें तांबें जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या आंत राहतें, असें त्यांस आढळलें. मात्र भांडें आंतून स्वच्छ हवें, आणि पाण्यांत लिंबू पिळूं नये.

रांधण्याच्या भांड्यास ह्याच कारणास्तव कल्हई करीत. कल्हईवाला जमिनींत लहानशी भट्टी करून भात्यानें निखारे फुलवी. भांडें घासून तापवावयाचें, नवसागराची पूड टाकावयाची, पांढरा धूर उठतांच कथलाची कांडी टेकावयाची, आणि कापसाच्या बोळ्यानें तो रस सर्वत्र फिरवावयाचा, कीं काळवंडलेलें भांडें डोळ्यांदेखत रुप्यासारखें होई. नवसागर तांब्यावरील मळ काढून टाकतो, म्हणून कथील पक्कें धरतें. कथील २३२ अंश सेंटिग्रेड उष्णतेस वितळतें. ह्यास्तव कल्हईचें रिकामें भांडें विस्तवावर ठेवल्यास कल्हई ओघळून जाते. आंतून तांबडें डोकावूं लागलें, कीं पुनः कल्हई केल्यावांचून त्यांत रांधूं नये.

कल्हई शुद्ध कथलाची असावी. शिसें स्वस्त असल्यामुळें कोणी कोणी तें मिसळतात, आणि शिसें हें तांब्याहूनहि घातक विष आहे. लहान मुलांच्या मेंदूस तें विशेष अपाय करतें. पांढरा कागद कल्हईवर घासून पाहावा. काळसर रेघ उठल्यास शिशाचा संशय धरावा. तसेंच आंतील भोंक बुजविण्याकरितां लावलेला करड्या रंगाचा, नखानें ओरखडा पडणारा डाग दिसल्यास तें भांडें पाण्यासहि वापरूं नये. तें शोभेस ठेवावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

भांड्याची प्रकृति पाहण्यास दोन सोपे उपाय आहेत. अंधाऱ्या खोलींत भांड्यांत दिवा धरावा, म्हणजे टांचणीएवढें छिद्रहि चमकतें. नंतर भांडें पाण्यानें भरून रात्रभर कोरड्या कागदावर ठेवावें. सकाळीं सांध्याखालीं कागद ओला दिसल्यास सांधा सुटला आहे. पोचे पडले असल्यास घाबरूं नये. कुशल कारागीर ते काढतो. परंतु बूड पातळ होऊन अंगठ्यानें दाबतांच लवत असल्यास तें भांडें पुनः विस्तवावर टिकणार नाहीं.

समुद्रकांठच्या लोकांस आणखी एक सूचना द्यावीशी वाटते. खाऱ्या हवेनें तांब्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी धरते, व ती पुसली तरी पुनः उमटते. हा क्षार आंत आंत पत्रा खात जातो. असें भांडें गोड्या पाण्यानें अनेक वेळां धुवून, पूर्ण सुकवून, कोरड्या जागीं ठेवावें. उलट काळसर तपकिरी एकसारखा थर हा निरुपद्रवी असून भांड्याचें रक्षणच करतो. चिंच, आमसूल व मीठ ह्यांनीं भांडें लखलखीत होतें, कारण आम्ल वरचा थर विरघळवितें. परंतु दर वेळीं थोडें तांबेंहि जातें. वाळू किंवा खरखरीत घासणी लावल्यास नांवें पुसून जातात. रोजच्या वापराचें भांडें घासावें. पूर्वजांचें भांडें जपून पुसावें.

शेवटचा प्रश्न मोलाचा. मोडवाला देतो ती केवळ धातूची किंमत. त्यांत घडणावळ शून्य. त्याच्या तराजूंत दांत्यांचा सांधा, मठारकाम, नांव आणि साल ह्यांस वजन नाहीं. सहा किलो वजनाचा यांत्रिक पिंप आणि सहा किलो वजनाचा, शंभर वर्षांपूर्वींच्या नांवाचा हंडा त्याला सारखेच. म्हणून मोडीचा भाव ही भांड्याची सर्वांत खालची किंमत समजावी. भांडें हातघडणीचें आहे काय, आकार दुर्मिळ आहे काय, सर्व भाग मूळचेच आहेत काय, नांव व साल आहे काय, आणि तें आजहि काम देईल काय, ह्या पांच प्रश्नांचीं उत्तरें पाहून मगच पुढील किंमत ठरवावी. भांडें विकूंच नये, असा आमचा आग्रह नाहीं. अडचणीच्या वेळीं तांबें विकून मुलांच्या शाळेची फी भरणाऱ्या माउल्या आम्हांस ठाऊक आहेत, आणि त्यांचा आम्ही आदरच करतों. आमचें म्हणणें इतकेंच कीं, विकावयाचें तें जाणून विकावें, व विकण्यापूर्वीं त्यावरील अक्षरें कागदावर उतरून घ्यावीं.

येत्या सुट्टींत आमच्या विद्यार्थिमित्रांनीं एक काम करावें. वडील माणसांची परवानगी घेऊन माळ्यावरील भांडीं खालीं उतरावीं. प्रत्येकाचें नांव, वजन, धातु, सांधा व अक्षरें एका वहींत लिहावीं. आणि आजीस जवळ बसवून तें भांडें कोणाचें, कोठून व केव्हां आलें हें विचारावें. आजी सांगेल तें वहींत सर्वांत आधीं लिहावें. कारण तांबें हजार वर्षें टिकतें, परंतु त्याची हकीकत सांगणारें माणूस तितकें टिकत नाहीं.